यंत्राला अक्कल आली, भावाचे काय?



या वेळच्या जिल्हा बैठकीपुढे आम्ही जो विषय ठेवत आहोत तो ऐकून पुष्कळजण म्हणतील, कापसाच्या भावाचे बोला, ज्वारीचे बोला, हे कॉम्प्युटरचे पुराण कशाला? तुमची शंका रास्त आहे. पण आजवर दिल्लीत जी जी मोठी योजना शिजली तिचा चटका आपल्या वावरापर्यंत पोचायला फार वेळ लागलेला नाही. लेव्ही आली तेव्हा आपण बेसावध होतो. निर्यातबंदी आली तेव्हाही बेसावध होतो. या खेपेला आधीच वाचून, समजून, आपले म्हणणे पक्के करून ठेवावे, एवढ्यासाठी हा लेख.

देशाला 'कृत्रिम बुद्धिमत्ते'त, म्हणजे ज्याला सगळे एआय म्हणतात त्यात, जगात पुढे न्यायचे असे सरकारने ठरवले आहे. फेब्रुवारी २०१८ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री अरुण जेटली यांनी ते काम नीती आयोगाकडे सोपवले. जून २०१८ मध्ये आयोगाने राष्ट्रीय धोरणाचे चर्चापत्र काढले. 'सर्वांसाठी एआय' ही त्याची घोषणा. आरोग्य, शेती, शिक्षण, शहरे आणि वाहतूक ही पाच क्षेत्रे त्यात निवडली. जगातल्या चाळीस टक्के लोकांसाठी भारताने या विद्येचे 'गॅरेज' व्हावे, असा शब्दही त्यात आहे. इथे तयार झालेले इलाज मग इतर गरीब देशांत न्यायचे. पुढे मार्च २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'इंडियाएआय मिशन' मंजूर केले. पाच वर्षे, १०,३७१.९२ कोटी रुपये.

शेतीचे नाव पाचांत आले याचा आनंद मानायचा की काळजी करायची, ते ठरवण्याआधी हिशेब पाहू.

पैसा कुठे गेला

या दहा हजार कोटींची वाटणी सरकारनेच छापली आहे. त्यातले ४,५६३.३६ कोटी संगणकाची ताकद उभी करायला, म्हणजे जीपीयू नावाच्या महागड्या चिपा कंपन्यांना आणि संशोधकांना स्वस्त भाड्याने देता याव्यात म्हणून. नव्या कंपन्यांना भांडवल १,९४२.५० कोटी. नवसंशोधन केंद्राला १,९७१.३७ कोटी. प्रशिक्षणाला ८८२.९४ कोटी. नोंदींच्या कोठाराला १९९.५५ कोटी. आणि हे सगळे सुरक्षित, विश्वासार्ह राहावे, कुणावर अन्याय होऊ नये, यासाठी २०.४६ कोटी.

शंभर रुपयांत मोजा. चव्वेचाळीस रुपये चिपांना आणि वीस पैसे न्यायाला.

आम्ही कंपन्यांच्या विरुद्ध नाही. कारखानदाराने कमवावे, व्यापाऱ्याने कमवावे, आमची ना नाही. पण एक नियम सगळ्यांना सारखा लावा. शेतकऱ्याला खतावर काही मिळाले की शहरातले अर्थपंडित 'सबसिडीने देश बुडाला' म्हणून ओरडतात. जीपीयूच्या तासाच्या भाड्यात सरकार पदरचे पैसे घालते, तेव्हा त्याचे नाव 'राष्ट्रीय क्षमता' होते. २०२६-२७ च्या अर्थसंकल्पात, भारतातली डेटा सेंटरे वापरून जगभर सेवा देणाऱ्या परदेशी कंपन्यांना २०४७ पर्यंत करमाफी जाहीर झाली. त्याच अर्थसंकल्पात शेतकऱ्याच्या वाट्याला 'भारत-विस्तार' नावाचे सल्ला देणारे बहुभाषिक यंत्र आले. म्हणजे इंडियाच्या वाट्याला मिशन आणि भारताच्या वाट्याला सल्ला!

महाराष्ट्र सरकारही मागे नाही. जून २०२५ मध्ये 'महाॲग्री-एआय धोरण २०२५-२९' मंजूर झाले. पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी. भाषणांत बारामतीच्या उसाचा दाखला दिला जातो. प्रयोग झाला, चांगले झाले. पण उसाला पाणी हाताशी असते. यंत्राने 'आज पाणी द्या' म्हटले की कॉक फिरवायचा. आमच्या खरबड रानात यंत्र म्हणेल 'आज पाणी द्या', आणि आम्ही आभाळाकडे बघू.

ही विद्या आहे तरी काय

यात जादू काही नाही. जिनावरचा जुना ग्रेडर आठवा. गाडीतला मूठभर कापूस हातात घेतो, बोटांनी धागा ओढून पाहतो आणि ओलावा किती, लांबी किती, कवडी किती, क्षणात सांगतो. त्याला हे कुणी पुस्तकातून शिकवले नाही. हजारो गाड्या त्याच्या हाताखालून गेल्या, त्यातून त्याला नजर आली. यंत्राचेही तसेच. त्याला लाखो नमुने दाखवायचे: ही निरोगी पाने, ही लाल्या आलेली पाने. या पावसाला इतके पीक आले, त्या पावसाला तितके. नमुने पाहून पाहून त्याला अंदाज बांधता येतो. नमुने चांगले असले तर अंदाज चांगला. नमुने उसाचे आणि प्रश्न कोरडवाहू ज्वारीचा असला तर अंदाज गावाबाहेर.

म्हणजे या धंद्याला तीन गोष्टी लागतात. चिपा, हुशार माणसे आणि नोंदी. चिपा परदेशी कंपन्यांच्या. हुशार पोरे आपल्याच घरातली, शिकून पुण्या-बंगळूरला गेलेली. राहिल्या नोंदी. शेतीच्या नोंदी कुठून येणार? त्या आमच्या वावरातून येणार.

कच्चा माल पुन्हा आमचाच

इथे वऱ्हाडच्या माणसाला जुनी गोष्ट आठवायला हवी. १८५३ साली इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड घेतले ते कापसासाठी. अमेरिकेत यादवी पेटली आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, तेव्हा आमच्या कापसाला भाव आला. युद्ध १८६५ साली संपले आणि भावही गेला. खामगावपर्यंत आगगाडीचा फाटा १८७० साली पोचला. तो फाटा गाठी उचलायला होता. कापूस इथून गेला, कापड तिथून आले, आणि मधला नफा ज्याच्या हाती गिरणी त्याच्या घरी राहिला.

आजचा फाटा ॲग्रीस्टॅकचा आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने २,८१७ कोटींचे डिजिटल कृषी मिशन मंजूर केले. त्यात तीन वह्या आहेत. शेतकऱ्यांची वही, गावाच्या नकाशाची वही आणि कोणत्या तुकड्यात कोणते पीक पेरले त्याची वही. अकरा कोटी शेतकऱ्यांना ओळख क्रमांक देण्याचे उद्दिष्ट आहे. महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी खात्याच्या योजनांसाठी हा क्रमांक सक्तीचा झाला.

सरकार म्हणते, शेतकऱ्याच्या संमतीशिवाय ही माहिती कुणाला मिळणार नाही. ऐकायला बरे वाटते. पण क्रमांक काढला नाही तर योजनेचा लाभ नाही, आणि क्रमांक काढताना संमतीच्या चौकटीत अंगठा. ही कसली संमती? शिवाय २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातच सवलत आहे. अनुदान किंवा लाभ देण्यासाठी सरकारी दप्तरातली तुमची माहिती वापरायची असेल, तर सरकारला पुन्हा विचारावे लागत नाही. कायदा माहिती राखायला केला आणि राखणदाराला कुंपणाची दारे मोकळी ठेवली.

आमच्यातल्या एकाची हकिगत सांगतो. आधारवर नाव एका प्रकारे, सातबाऱ्यावर दुसऱ्या प्रकारे; फरक वेलांटीचा. क्रमांक निघेना. सेवा केंद्रावर गेले की सांगत, कार्यालयात जा. कार्यालयात गेले की सांगत, केंद्रावर जा, आमच्या हातात काही नाही, मशीन घेत नाही. सहा चकरा, सहा दिवसांची मजुरी. पूर्वी तलाठी 'नाही' म्हणायचा तेव्हा त्याच्याशी भांडता तरी यायचे. 'मशीन घेत नाही' याच्याशी कुणी भांडायचे?

भाकीत कुणाच्या हातात

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. नीती आयोगाच्या २०१८ च्या कागदात शेतीची जी उदाहरणे आहेत त्यात आंध्रमधला पेरणीचा प्रयोग आहे. इक्रिसॅट आणि मायक्रोसॉफ्ट यांनी केलेला. पेरणी कधी करावी याचा संदेश मोबाइलवर पाठवला, पुढच्या वर्षी तीन हजारांवर शेतकऱ्यांना पाठवला, आणि पिकागणिक १० ते ३० टक्के उत्पादन वाढले असे सांगितले आहे. खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. उत्पादन वाढवायची विद्या आम्ही कधीच नाकारली नाही. संकरित ज्वारी आली, घेतली. २००२ साली बीटी कापूस आला, घेतला.

प्रश्न असा की उत्पादन वाढले तेव्हा शेतकऱ्याचे काय झाले? ज्वारी वाढली, ज्वारी पडली. कापूस वाढला, कापूस पडला. आमच्या गरिबीचे कारण अज्ञान आहे, असे समजून सल्ला देणारे दर दहा वर्षांनी नव्या वेषात येतात. आधी ग्रामसेवक आला, मग रेडिओ, मग टीव्ही, मग एसएमएस, आता बोलणारे यंत्र. भाव पाडण्याचे धोरण मात्र प्रत्येक वेळी तेच.

२०२५ च्या हंगामाचे उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०२१ पासून परदेशी कापसावर ११ टक्के आयातशुल्क होते. १८ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्लीत अधिसूचना निघाली आणि दुसऱ्या दिवसापासून शुल्क शून्य. आधी मुदत ३० सप्टेंबरची. दहा दिवसांत ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. आमचा कापूस तेव्हा पाते-फुलांवर होता. बी, खत, डवरणी, फवारणी, सगळा खर्च मातीत गेलेला. पहिल्या वेचणीचा कापूस घरात यायच्या आत परदेशी गाठींना दार उघडले. हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये जाहीर, आणि खुल्या बाजारात अनेक ठिकाणी भाव त्याच्या खाली. हमीभावाने विकायचा तर 'कपास किसान' ॲपवर नाव नोंदवा, दिवस मिळवा, ओलावा बारा टक्क्यांच्या आत आणा.

आता सांगा, जगातले सर्वात हुशार यंत्र आणून बसवले तरी त्याने १८ ऑगस्टची अधिसूचना ओळखली असती काय? पाऊस, अळी, आवक या गोष्टींना काही रीत असते, त्या यंत्राला शिकवता येतात. दिल्लीच्या लहरीला रीत नाही. ज्या बाजारात भाव एका सहीने पडतो, तिथे भावाचे भाकीत शेतकऱ्याला विकणे म्हणजे फसवणूक.

याहून वाईट शक्यता पुढे आहे. हे भाकीत शेतकऱ्याच्या कामी येणार नाही, पण सरकारच्या कामी येईल. कोणत्या गटात किती तूर पेरली, किती उगवली, किती हाती येईल, हे उपग्रह आणि पीकपाहणी मिळून दिल्लीला सप्टेंबरातच कळणार असेल, तर तिथला अधिकारी काय करील? तूर कमी पडणार असे दिसले की आयात आधीच मोकळी करील, व्यापाऱ्यावर साठ्याची मर्यादा घालील. २ जून २०२३ ला तुरीवर साठामर्यादा घातली होतीच. यंत्र नसताना भाव वाढल्यावर हात पडायचा, यंत्र आल्यावर वाढण्याआधीच पडेल. टंचाईच्या वर्षी आठ-पंधरा दिवस तरी बरा भाव मिळायचा, तोही जाईल.

आणि गंमत पाहा. भाकिताचे एक जुने यंत्र बाजाराजवळ होते. वायदेबाजार. पुढच्या महिन्यांत सोयाबीन काय भावाने जाईल याचा हजारो लोकांनी पदरचे पैसे लावून बांधलेला अंदाज तो. डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीन, हरभरा, मूग, मोहरी, गहू, भात आणि पामतेल या सातांचे वायदे थांबवले आणि मुदत संपत आली की पुन्हा वाढवत नेली. जो भाव कुणालाही फुकट दिसत होता तो झाकला, आणि आता भाव ओळखायला कोट्यवधींचे यंत्र बांधणार!

चांगले ते चांगले म्हणू

आम्ही यंत्र फोडायला निघालेलो नाही. २०२५ च्या खरिपात केंद्राच्या कृषी खात्याने तेरा राज्यांतल्या तीन कोटी ऐंशी लाखांवर शेतकऱ्यांना पाऊस कधी सुरू होणार याचा एआयवर बांधलेला अंदाज मोबाइलवर पाठवला. मधे पावसाला खंड पडणार हेही त्यात होते, आणि तो पडला. दुबार पेरणी म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे, बियाण्याच्या पिशव्या उधारीवर आणून जो एकदा मातीत घालून बसला आहे, त्याला या अंदाजाची किंमत सांगायला नको. असे काम सरकारने शंभर वेळा करावे, आम्ही शंभर वेळा शाबासकी देऊ.

पण तो अंदाज कसा तयार झाला तेही पाहा. एक नमुना गूगलचा, दुसरा युरोपच्या हवामान केंद्राचा, आणि जोडीला आपल्या हवामान खात्याच्या सव्वाशे वर्षांच्या पावसाच्या नोंदी. ते परदेशी नमुने खुले होते म्हणून वापरता आले. शेतकऱ्याच्या कामी आला तो हा खुलेपणा. देश या शर्यतीत पहिला आला की पाचवा, याने कोरडवाहू शेतकऱ्याच्या पेरणीत फरक पडत नाही. विद्या अडवली की मोकळी सोडली, याने पडतो.

आणि विद्या अडवण्यात आपल्या सरकारचा हात कुणी धरत नाही. गुलाबी बोंडअळीचे घ्या. कामगंध सापळ्यात अडकलेल्या पतंगांचा फोटो काढला की मोजून देणारे ॲप आता आहे. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की फवारा मारायची वेळ झाली, हा नियम जुना आहे, यंत्र मोजणी करून देते. ठीक. पण सापळे मोजायची वेळ का आली? बोलगार्ड-२ ला परवानगी २००६ सालची. गुलाबी अळी त्याला पचवून बसली. त्यानंतर कापसात नवे जनुकीय वाण म्हणून कशालाही मंजुरी नाही. तणनाशक सहन करणारे बी चोरून मिळते, पावती नाही, खात्री नाही, फसलो तर दाद नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. ज्या देशाला यंत्राच्या अकलेत जगाचा पुढारी व्हायचे आहे, त्या देशातल्या कापूस उत्पादकाने जुन्या बियाण्याला नव्या विषाचा फवारा मारत राहायचे, आणि फवारा कधी मारायचा ते मात्र एआयला विचारायचे!

यंत्र चुकले तर

यंत्र चुकते. माणूसही चुकतो. पण यंत्राची चूक एका वेळी लाखांना लागते. तेलंगणात 'समग्र वेदिका' नावाची व्यवस्था निरनिराळी सरकारी दप्तरे जुळवून कोण गरीब, कोण नाही हे ठरवत होती. लाखो रेशनकार्डे नोटीस न देता रद्द झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली फेरतपासणी करायला लावली, तेव्हा हजारो लोक पात्र निघाले. तोवर त्यांच्या चुलीचे काय झाले, याची नोंद कोणत्या यंत्रात नाही.

हेच पीकविम्यात होऊ घातले आहे. २०२३ च्या खरिपापासून भात आणि गव्हाच्या उत्पादनाच्या अंदाजात दूरसंवेदन पद्धतीला किमान ३० टक्के वजन दिले. पीककापणी प्रयोगात लबाड्या होतात हे आम्हाला कबूल आहे, उपग्रहाला लाच देता येत नाही हेही कबूल. पण उपग्रहाला हिरवे दिसलेले कपाशीचे झाड आतून किडक्या बोंडांचे असू शकते. ते झाड हलवून बघायला माणूसच लागेल. आकडा चुकला तर कुणाकडे जायचे? वीस पैशांत या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही.

बैठकीने काय ठरवावे

जिल्हा बैठकीपुढे आम्ही पुढील ठराव ठेवतो. गावोगावच्या शाखांनी आधी वाचावे, भांडावे आणि मग हात वर करावेत.

१. शेतकऱ्याच्या नावाने सरकारने जी जी नोंद केली, ती मराठीत, गावातच, त्याला पाहता आली पाहिजे. चूक तीस दिवसांत दुरुस्त झाली पाहिजे. ती कुणी वापरली, कशासाठी वापरली, हेही त्याला दिसले पाहिजे.

२. लाभ, विमा किंवा खरेदी यंत्राच्या आकड्यावर नाकारली, तर कारण लेखी द्यावे आणि अपील जिवंत माणसापुढे चालावे. 'मशीन घेत नाही' हे उत्तर मानले जाणार नाही.

३. पेऱ्याचा आणि पिकाचा जो अंदाज सरकारला कळेल, तो त्याच दिवशी सर्वांना जाहीर करावा. त्याच्या आधारे पेरणीनंतर आयातशुल्क, निर्यात किंवा साठामर्यादा यांत बदल करू नये. बदल करायचा तर पेरणीआधी सांगावा.

४. वायदेबाजारावरची आणि बियाण्याच्या तंत्रज्ञानावरची बंधने उठवावीत. यंत्राच्या अकलेला जेवढी मोकळीक देता तेवढी शेतकऱ्याच्या अकलेला द्या.

५. सार्वजनिक पैशाने आणि आमच्या नोंदींवर जे शिकवले जाईल ते सर्वांना खुले असावे. अकोला आणि परभणी कृषी विद्यापीठांकडच्या कोरडवाहू कापूस, ज्वारी, तुरीच्या नोंदी आधी खुल्या कराव्यात. त्यावर आमच्याच घरातली पोरे काम करतील, दिल्लीने वाट दाखवायची गरज नाही.

यात कुठे अनुदान मागितले नाही, माफी मागितली नाही, फुकट मोबाइलही मागितला नाही. आमची नोंद आमची, आमचा माल आमचा, आणि त्याचा भाव बाजारात ठरू द्या, एवढेच मागणे आहे.

बैठकीला येताना प्रत्येक शाखेने एक काम करून यावे. गावातल्या किती जणांचा शेतकरी क्रमांक अडला, का अडला, किती चकरा झाल्या, पीकपाहणीत कुणाच्या कपाशीचे पडीत झाले, याची साध्या वहीत, पेनाने, यादी करून आणावी. सरकार आमच्या नोंदी ठेवते. आता सरकारच्या चुकांची नोंद आपण ठेवू या.